शेड मारणारा पोऱ्या

मागच्या हिवाळ्यात जळगावला एक सामूहिक चित्रप्रदर्शन झाले. त्यात माझी चार चित्रे होती आणि प्रत्येक चित्राशेजारच्या पट्टीवर माझ्या नावाखाली ‘स्वयंशिक्षित’ असा शब्द छापलेला होता. बाकीच्यांच्या नावाखाली त्यांच्या पदविका होत्या. माझ्या नावाखालची जागा कोरी राहिली असती तर ते बरे दिसले नसते, म्हणून संयोजकांनी चांगल्याच हेतूने तो शब्द घातला असणार, हे मला कळत होते. तरीही तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करता करता माझे लक्ष पुन्हा पुन्हा त्या पट्टीकडे जात होते. एका गृहस्थांनी तर खांद्यावर हात ठेवून मला एकलव्यच म्हटले. एकलव्याने निदान आपला गुरू स्वतः निवडला होता आणि मातीचा का होईना, तो एकच होता. माझे सात-आठ तरी असतील. त्यांतल्या बहुतेकांना आपण कोणाला काही शिकवत आहोत याचा पत्ताही नव्हता, आणि ज्या एकाला तो होता त्याने त्याबद्दल मला रोज शिव्या घातल्या. ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द या सगळ्यांना एका फटक्यात पुसून टाकतो, एवढीच माझी त्याच्याविषयी तक्रार आहे.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी आहे. घर धाब्याचे, म्हणजे लाकडी कड्यांवर काटक्या अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपलेले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एकदा आणि श्रावणात कानबाई, ही आमची खान्देशी देवी, बसायच्या आधी एकदा, असे वर्षातून दोनदा मोठी माय, म्हणजे माझी आजी, घराच्या भिंती सारवून काढायची. त्यासाठी पांढरी माती, बारीक भुसा आणि शेण एकत्र कालवून ते दोन रात्री भिजत ठेवावे लागे. तिसऱ्या दिवशी त्याला एक आंबूस वास सुटला की ती पदर खोचून उठायची. ती उजव्या हाताने अर्धवर्तुळात माती ओढत जायची, पहिल्या कमानीवर दुसरी कमान अर्धी चढवत, आणि भिंत पुरी झाल्यावर तिरप्या उन्हात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसायची. भिंतीचा खालचा हातभर पट्टा माझ्याकडे असे, कारण वाकणे तिच्या कमरेला झेपत नसे. मग एका वाटीत गेरू आणि दुसऱ्या वाटीत चुना घेऊन ती देवाच्या कोनाड्याभोवती ठिपके आणि वेली काढायची. तिची वेल कधी सरळ आली नाही आणि ती सरळ यावी असे तिला वाटतही नव्हते.

ओली भिंत काळपट दिसते आणि वाळल्यावर दोन-तीन छटांनी उजळते. एकदा माझ्या आत्याने ओल्या भिंतीला नावे ठेवली तेव्हा मोठी माय मागे न बघता म्हणाली, “सुकू दे, मंग देख.” पुढे जलरंग हाती आले तेव्हा कागदावर ओला रंग आत्ता दिसतो तसा राहणार नाही, तो वाळून फिका पडणार, तेव्हा त्याला आधीच थोडा गडद धरावा लागतो, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. चित्रकला महाविद्यालयात यासाठी किती तास देतात, मला ठाऊक नाही.

शाळेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चित्रकलेचा तास वेळापत्रकात होता आणि तो बहुतेक वेळा गणिताला दिला जाई. आठवीत मी एलिमेंटरीची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झालो; इंटरमिजिएटच्या वर्षी कपाशीवर अळी पडली, घरात पैशांची ओढाताण होती, आणि दादांपुढे फीचा विषय काढण्याचे धाडस मला झाले नाही. मुंबईला जे. जे. नावाची शाळा आहे, ती 1857 सालापासून आहे आणि तिथे फक्त चित्रेच काढतात, ही माहिती मला दहावीनंतर मिळाली. ऐकून मला आनंद झाला की दुःख, ते आज सांगता येत नाही. पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या घरात ती बातमी चंद्रावर पाणी सापडल्याच्या बातमीसारखी होती.

1985 च्या पावसाळ्यानंतर मी अमळनेरला एका पेंटरकडे कामाला लागलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, शाळांचे फलक, निवडणुकीच्या भिंती आणि गावोगावी बियाण्यांच्या नि कीटकनाशकांच्या जाहिराती, असे त्यांचे काम होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मी इतक्या वेळा रंगवला आहे की आजही डोळे मिटून त्याच्या तिन्ही बाजू सारख्या काढू शकेन.

पहिले तीन महिने मला ब्रशला हात लावू दिला नाही. भिंत खरवडणे, चुना मारणे, डबे उघडणे, रंग करवंट्यांत ओतून देणे आणि संध्याकाळी रॉकेलमध्ये ब्रश धुऊन त्यांच्या केसांना गोडे तेल लावून ठेवणे, हे माझे काम. मग दोरी मारायला मिळाली. दोरीला खडूची भुकटी चोळायची, दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची. भिंतीवर टपकन एक सरळ पांढरी रेघ उमटते आणि तीच अक्षरांची शिरोरेषा होते. उस्ताद मजकुरातली अक्षरे आधी बोटांवर मोजत, जोडाक्षराला दीड आणि ‘र’ला पाऊण धरत, आणि मधल्या अक्षरापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सरकत. दोन्ही टोकांना उरलेली जागा चार बोटांचीसुद्धा इकडची तिकडे होत नसे. त्यांना लिहिता-वाचता उर्दू आणि थोडे हिंदी येई. मराठी ते वाचत नसत, फक्त काढत. मी दहावी झालेला असल्यामुळे शुद्धलेखन माझ्याकडे आले आणि त्या एका कारणाने माझी नोकरी टिकली.

चौथ्या महिन्यात मला शेड मारायला दिली. उस्ताद लाल रंगाने अक्षर भरत आणि ते वाळल्यावर मी त्याच्या उजव्या अंगाला आणि खालच्या कडेला काळी पट्टी ओढायची, म्हणजे अक्षर भिंतीतून वर उठल्यासारखे दिसे. हे ऐकायला सोपे आहे, पण गोल अक्षराच्या पोटात काळी पट्टी जाड होता होता कुठे संपवायची, ‘क’च्या देठाची सावली त्याच्याच पाकळीवर पडू द्यायची की नाही, या गोष्टी शिकायला मला वर्ष लागले. शेड नेहमी उजवीकडेच आणि खालीच. त्यामुळे भिंत पूर्वेची असो की पश्चिमेची, आमच्या तालुक्यातल्या सगळ्या पाट्यांवर सूर्य कायम डावीकडून वर, सकाळी दहा वाजल्यासारखा थांबलेला असे. हे विचित्र आहे, असे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. सावली म्हणजे काळा रंग, हे माझ्या हाताने तिथे पक्के शिकून घेतले आणि पुढची बारा-तेरा वर्षे ते विसरायला नकार दिला.

उस्तादांनी आणखी एक सवय लावली. एक ओळ झाली की ते शिडीवरून उतरवत आणि म्हणत, “उस पार जा के देख.” रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावरून भिंतीकडे बघायचे आणि परत येऊन काय चुकले ते सांगायचे. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटत असताना दिवसातून वीस-वीस वेळा हा रस्ता ओलांडावा लागे, आणि नुसतेच जाऊन येऊन ‘ठीक आहे’ म्हटले की शिवी ठरलेली. नाकाला भिंत लावून काम करणाऱ्याला आपण काय केले ते दिसत नाही, हे त्यांनी मला कधी शब्दांत सांगितले नाही. आज माझ्या घराच्या अंगणाला रस्त्याची रुंदी नाही, तरी चित्राला चार फटकारे मारले की मी समोरच्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहतो. त्यांच्या घरच्यांना त्याची सवय झाली आहे. घाई असेल त्या दिवशी त्यांची सून मला वळसा घालून झाडून घेते.

पाट्या रंगवण्याखेरीज चित्र काढावेसे वाटू लागले ते वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांमुळे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे मी चौकोन पाडून उतरवून घेत असे: छोट्या चित्रावर पेन्सिलीने जाळी आखायची, मोठ्या कागदावर तेवढ्याच चौकटींची मोठी जाळी आखायची आणि एकेक चौकटीतली रेघ इकडून तिकडे न्यायची. दलालांकडून मी रेषेला वळण देणे शिकलो आणि मुळगावकरांकडून गालावरून प्रकाश हळूहळू सरकवणे. दोघेही माझ्या हाताला लागलेले थोर शिक्षक होते आणि दोघांनी, त्यांचा काही दोष नसताना, माझे बरेच नुकसानही केले. माझ्या चित्रातली प्रत्येक बाई एकाच चेहऱ्याची, एकाच लांबट डोळ्यांची आणि शेवग्याच्या शेंगेसारख्या बोटांची होऊ लागली. एकदा मी कापूस वेचणाऱ्या बायकांचे चित्र काढले आणि मोठ्या अभिमानाने दारात वाळत ठेवले. आमच्या शेजारी राहणाऱ्या आणि सत्तरीतही निंदायला जाणाऱ्या एक मावशी त्यापुढे थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हाई आपली बाई नही रे भाऊ. हिना हात देख.” मी हात बघितले. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ओरखडलेले एकही बोट त्या चित्रात नव्हते. त्या संध्याकाळी मावशींनी ओट्यावर बसून आपले दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले आणि मी अंधार पडेपर्यंत त्यांची रेखाटने केली. चित्रातली माणसे कामाने घडलेली दिसू लागली ती त्यानंतर, आणि माझ्या आयुष्यात ज्याला मानवी शरीररचनेचा अभ्यास म्हणता येईल असा तो एकच वर्ग झाला.

शिक्षक नसण्याची किंमत मी नाकारणार नाही. ती रोकड मोजावी लागते. तैलरंग हाती आले तेव्हा कॅनव्हास परवडत नव्हता, म्हणून मी मांजरपाट चौकटीला ठोकून त्यावर सरळ रंग लावायला सुरुवात केली. रंग छान बसे, कापड तो पिऊन घेई. तीन-साडेतीन वर्षांनी त्यांतले एक चित्र उचलताना कडेला बोट लागले आणि कापड पापडासारखे तुटले. मग बाकीची काढून बघितली, तर अकरा चित्रांपैकी नऊ तशीच झालेली. जवसाचे तेल वाळताना हवेशी संयोग पावते आणि त्या क्रियेत जी आम्ले तयार होतात ती सुती धागा खाऊन टाकतात; म्हणूनच कापडाला आधी सरस लावून त्याचा धागा तेलापासून तोडायचा आणि मग त्यावर पांढरा थर द्यायचा, अशी शतकानुशतकांची रीत आहे. महाविद्यालयात हे पहिल्याच वर्षी सांगत असणार. मी ज्या कापसाच्या मुलखात वाढलो, त्याच कापसाने मला ते नऊ चित्रे घेऊन शिकवले. इनॅमलवर तैलरंग लावला तर काय होते, हे मी असेच आणखी दोन चित्रांच्या बदल्यात शिकलो. खालचा गुळगुळीत थर वरच्याला धरून ठेवत नाही आणि उन्हाळ्यात पोपडे सुटतात.

अजिंठ्याला मी पहिल्यांदा गेलो तो 1991 च्या दिवाळीनंतर. फर्दापूरला एसटीतून उतरलो आणि चालत गेलो. लेणी जरी सीमेपलीकडच्या जिल्ह्यात असली तरी त्यांच्या पायाशी वाहणारी वाघूर खाली आमच्या जळगाव जिल्ह्यात येऊन तापीला मिळते, त्यामुळे खान्देशातल्या माणसाला ती आपलीच वाटतात. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. मग पद्मपाणी दिसला, आणि त्याच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालणार नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी मी त्याच्यापुढे फार वेळ उभाही राहिलो नाही. मला धरून ठेवले ते एका कोपऱ्यातल्या, जिथला रंग गळून पडला आहे अशा हातभर तुकड्याने. रंगाखाली चुन्याचा पातळ पांढरा थर होता, त्याच्याखाली मातीचा खडबडीत लेप, आणि त्या मातीत भुशाचे तूस होते. ते जवळून दिसत होते, एकेक, पिवळट, आडवेतिडवे रुतलेले. पाचव्या शतकातल्या त्या कारागिराने दगडाच्या भिंतीला आधी माती, भुसा आणि काड्या कालवून सारवले होते, आणि मगच त्यावर आपले राजपुत्र आणि अप्सरा काढल्या होत्या. कानबाईच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी जे होई तेच. तो आंबूस वास मला तिथे आला असे मी म्हणणार नाही. पण मी सवयीने भिंतीवर हात ठेवायला पुढे झालो आणि पहारेकऱ्याने दरडावले, एवढे खरे.

नंतर वाचनालयात बसून मी अजिंठ्याविषयी मिळेल ते वाचले. तिथले बहुतेक रंग जवळपासच्या दगडमातीतले आहेत: तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. एकटा निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानाकडच्या खाणीतल्या लाजवर्दापासून आलेला. मेजर रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज चित्रकार 1844 साली या चित्रांच्या नकला करायला आला आणि जवळजवळ वीस वर्षे त्याने तेच केले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 मध्ये आग लागली तेव्हा त्याचे बहुतेक काम जळाले. त्यानंतर 1872 पासून जे. जे.मधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तिथले विद्यार्थी येत राहिले, त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, आणि त्यांच्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. गिल 1879 मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. जळालेल्या कॅनव्हासांच्या या हकिगती वाचताना मला माझ्या नऊ मांजरपाटांचे जरा कमी वाईट वाटले, हे कबूल करतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही होती की, ज्या शाळेचे नाव ऐकून माझे तोंड पडले होते त्या शाळेतल्या मुलांनाही शेवटी शिकायला आमच्याच बाजूला यावे लागले होते.

अजिंठ्याने मला एक कोडेही घातले. तिथल्या चित्रांत पडलेली सावली कुठेच नाही. माणूस उभा आहे, खांब आहे, झाड आहे, पण जमिनीवर कोणाचीच सावली नाही. देहाला गोलाई आहे, मात्र ती कडेकडे रंग गडद करत नेऊन आणि नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर उजळ पट्टा देऊन आणलेली. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात या छायांकनाला वर्तना म्हटले आहे आणि पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानावरच्या शिरांसारख्या रेघांची, अगदी बारीक, आणि ठिपक्यांची. ते वाचून मी भारावलो आणि पुढची दोन वर्षे माझ्या चित्रांतल्या सगळ्या सावल्या काढून टाकल्या. परिणाम भयंकर झाला. खान्देशातले चैत्र-वैशाखातले गाव, जिथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, जिथे गाय, कुत्रे, हातगाडीवाला आणि एसटीची वाट बघणारी म्हातारी हे सगळे एका कडुनिंबाच्या सावलीत दाटीवाटीने उभे असतात, ते गाव सावलीशिवाय काढणे म्हणजे विहिरीशिवाय मोट काढण्यासारखे होते. अंधाऱ्या लेण्यात बसून दिव्याच्या उजेडात रंगवणाऱ्याला जे साधले ते भर दुपारी मला साधणार नव्हते. मी सावल्या परत आणल्या आणि त्या परत काळ्याच आल्या. काळ्या रंगात थोडे तपकिरी मिसळले तर त्या चिखलासारख्या दिसत, निळे मिसळले तर रात्रीसारख्या.

याच सुमारास मी चाळीसगावला केकी मूस यांचे घर बघून आलो. 1989 च्या अखेरीस ते गेले होते. रेल्वे स्टेशनाजवळच्या त्या घरातून वर्षानुवर्षे जवळपास बाहेर न पडता या माणसाने छायाचित्रे काढली, चित्रे काढली, मूर्ती घडवल्या. टेबलावर वस्तू मांडून आणि त्यांवर प्रकाश हवा तसा वळवून त्यांनी अख्खे देखावे उभे केले होते. त्यांच्या एकांताच्या आणि वाट बघण्याच्या कहाण्या लोक फार रंगवून सांगतात. मला त्यांत रस वाटला नाही. मला एवढेच दिसले की प्रकाश कुठून येतो आणि कशावर आपटून कुठे जातो, याखेरीज त्या खोलीत दुसरा विषयच नव्हता. मी घरी परतलो तो हा प्रश्न घेऊन.

त्याचे उत्तर मिळाले 1998 च्या एप्रिलमध्ये, एका खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवर. आदल्या दिवशी चुना मारून ठेवला होता आणि दुपारी एकच्या सुमाराला माझी बांबूची शिडी भिंतीला टेकवलेली होती. जेवणाची सुट्टी म्हणून मी समोरच्या निंबाखाली बसलो होतो. शिडीची सावली भिंतीवर पडली होती आणि ती काळीच दिसत होती, कारण मला ती तशी असल्याचे ठाऊक होते. का कोण जाणे, मी वहीच्या पुठ्ठ्याला खिळ्याने एक भोक पाडले, एक डोळा मिटला आणि त्या भोकातून फक्त सावलीचा तेवढाच ठिपका बघितला. तो जांभळा होता. फिकट, वांग्याच्या फुलासारखा जांभळा. मी पुठ्ठा खाली घेतला, सावली पुन्हा काळी झाली. पुठ्ठा वर घेतला, पुन्हा जांभळी. मग मी भोक सावलीवरून हळूहळू खाली आणले आणि जमिनीजवळ येता येता तो जांभळा रंग वितळून तिथे चक्क पिकल्या पपईसारखी छटा आली, कारण समोरची तापलेली तांबूस माती आपला उजेड खालून भिंतीवर फेकत होती. वरच्या सावलीवर आभाळाचा निळा पडत होता आणि खालच्या सावलीवर जमिनीचा तांबडा. ज्या ठिकाणी ऊन पोहोचत नव्हते त्या ठिकाणी बाकी सगळे पोहोचत होते. माझ्या करवंटीतला एक रंग सोडून तिथे दुसरे काहीही चालले असते, आणि तेरा वर्षे मी नेमका तोच, काळा, वापरत आलो होतो. भाकरी तशीच राहिली. मी पोरांना बोलावून त्यांनाही भोकातून बघायला लावले. त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. एक जण म्हणाला की सावली जांभळीच असते, तुम्हाला माहीत नव्हते का. मी त्याला त्याच दिवशी माझ्या गुरूंच्या यादीत घातला.

घरी येऊन मी चित्रपेटीतली काळ्या रंगाची नळी काढून ठेवली. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळून गडद रंग करता येतो आणि तो निळ्याकडे किंवा तांबड्याकडे हवा तसा झुकवता येतो, हे पुढच्या काही महिन्यांत हाताला लागले. आज लोक माझ्या चित्रांत जे बघतात आणि ज्याला ‘खान्देशी ऊन’ म्हणतात, ते उन्हाचे रंगकाम नाही. ऊन मी जवळपास कोरेच सोडतो. रंगकाम असते ते सावलीचे.

बहिणाबाईंचे नाव अशा लेखात येणारच, आणि आमच्याकडे ते जरा जास्तच स्वस्तात येते. असोद्याच्या या बाईला अक्षर येत नव्हते आणि तरी तिने कविता रचल्या, म्हणून आपल्याकडे न शिकलेल्या प्रत्येक माणसाची पाठ तिच्या नावाने थोपटतात. पण तिला शिक्षण नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी शेतात एक हंगाम काढून बघावा. जाते, मोट, खळे, सुगरणीचा खोपा यांच्यापुढे ती आयुष्यभर विद्यार्थिनीसारखी बसली होती, आणि तिचे शब्द उतरवून घेणारा मुलगा घरात होता. माझी तिच्याशी तुलना करू नये. मात्र तिला कोणी शिकवले नाही, हे वाक्य जेवढे अपुरे आहे तेवढेच ते माझ्याविषयीही अपुरे आहे.

2004 च्या आसपास आमच्या गावात फ्लेक्सचे यंत्र आले आणि दोन दिवाळ्यांत भिंतींचे काम संपले. जो फलक रंगवायला आम्हा दोघांना दोन दिवस लागत तो तासाभरात छापून मिळू लागला, त्यावर फोटोही येऊ लागला. उस्ताद तोवर थकले होते, हात कापायला लागला होता. त्यांनी तक्रार केली नाही. पहिला फ्लेक्स बघायला ते मुद्दाम चौकात गेले, रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिले आणि म्हणाले की ‘ष’ चुकलाय. मराठी न वाचणाऱ्या माणसाला ते दिसले होते. त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. मी गाड्यांच्या नंबरप्लेट, लग्नातले रुखवताचे फलक आणि पोळ्याला बैलांची शिंगे असे करत, आणि खरे म्हणजे पत्नीच्या शिलाई मशीनवर, घर चालवले. उरलेला वेळ चित्रांना मिळाला. एका मोठ्या शहरातल्या कलादालनाच्या अर्जात शिक्षणाचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता, तिथे मी ‘पेंटरकडे उमेदवारी, 19 वर्षे’ असे लिहिले. त्यांचे उत्तर आले नाही.

जळगावचे प्रदर्शन संपवून परतताना मी धरणगावच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या जिनिंगपाशी उतरलो. तिथल्या लांबलचक भिंतीवर 1986 साली आम्ही एक जाहिरात रंगवली होती: ‘येथे सरकी ढेप मिळेल’. भिंतीला पूर्ण पश्चिमेचे ऊन लागते. उस्तादांचा लाल आधी गुलाबी झाला असणार, मग पिवळट, आणि आता तो गेलेलाच आहे. जिथे अक्षरे होती तिथे चुन्यापेक्षा जरा मळका असा पांढरा उरला आहे. काजळीचा काळा मात्र उन्हाला दाद देत नाही. प्रत्येक अक्षराच्या उजव्या कडेला आणि खाली मी ओढलेली शेड तशीच आहे, ‘ढ’च्या पोटात जरा जाड झालेली, ‘ळ’च्या दुसऱ्या गोळ्याशी हात थरथरल्याची खूण धरून. जवळून बघताना भिंतीवर नुसते काळे वाकडेतिकडे फटकारे दिसत होते, एकही अक्षर लागत नव्हते. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि वळून वाचले.